नाव एक, झाडं तीन : वाळूतलं गोखरू नेमकं कोणतं, ते कसं ओळखायचं?



पाणी ओसरायला लागलं की पैनगंगेच्या काठावर, सातनाला आणि मत्तडीवागू प्रकल्पांच्या उघड्या पडलेल्या कडांवर आणि लहानमोठ्या नाल्यांच्या वाळूत हिरवळ फुटते. आपण त्याच वाळूवर जाळी पसरतो, तिथेच म्हशी सोडतो आणि बायामाणसं तिथूनच घोळीसारखी भाजी खुडून आणतात. या हिरवळीत एक नाव सारखं कानावर येतं, ते म्हणजे गोखरू. "जाळ्यात गोखरू भरलं", "ट्यूबमध्ये गोखरू घुसलं", "गोखरूची भाजी चांगली असते", "औषधवाला गोखरू विकत घेतो", अशी चार वाक्यं चार जण बोलतात आणि चौघांच्या डोळ्यांसमोर एकच झाड नसतं.

गोखरू या नावाने आपल्या लोकांत तीन वेगवेगळी झाडं चालतात. तिन्ही रानटी, एका वर्षात उगवून मरणारी आणि वाळूत आनंदाने वाढणारी. तिघांच्याही फळाला काटे. पण एक औषधात जातं, दुसरं पाणी बुळबुळीत करतं आणि तिसऱ्याचं कोवळं रोप जनावरांचा आणि माणसांचाही जीव घेऊ शकतं. म्हणून हा लेख थोडा लांब असला तरी शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवा, कारण भाजी खुडणारे हात बहुतेक वेळा त्यांचेच असतात.

पहिलं : सराटा (लहान गोखरू)

शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. तेलुगूत याला पल्लेरू म्हणतात. आयुर्वेदात ज्याला गोक्षुर म्हणतात ते हेच. दशमुळांतल्या लघुपंचमुळात याची गणना होते.

हे झाड उभं राहत नाही. मधल्या एका मुळापासून चारी बाजूंना फांद्या जमिनीला चिकटून पसरतात आणि वरून पाहिलं तर वाळूवर हिरवी चटई टाकल्यासारखी दिसते. पान चिंचेच्या पानासारखं, म्हणजे एका काडीवर दोन्ही बाजूंना बारीक पानांच्या जोड्या. साधारण चार ते आठ जोड्या असतात. देठावर पानं समोरासमोर येतात, पण दोन्ही सारखी नसतात, एक मोठं आणि एक लहान. पानांवर बारीक लव असते. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, एखाद्या सेंटिमीटरचं.

खरी खूण फळात आहे. वाळलेलं फळ दाबलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन लांब टोकदार काटे आणि खाली दोन लहान काटे. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. म्हणून तो कपड्याला नुसता चिकटत नाही, सरळ चपलेच्या तळातून आत घुसतो. गोक्षुर या नावाचा संबंधही गाईच्या खुराशी लावतात. वाळूतून चालताना खुरात रुततं ते हेच.

आपल्या धंद्याशी याचा संबंध ट्यूबचा आहे. आपल्यापैकी बरेच जण गाडीच्या ट्यूबवर बसून तलावात जाळं टाकतात. सराट्याचा काटा सायकलची ट्यूब पंक्चर करतो, तसा हीही करतो. पण सायकल पंक्चर झाली तर माणूस उतरून चालतो, पाण्याच्या मधोमध ट्यूब बसली तर तसं करता येत नाही. काटा रुतलेला असतो तोवर हवा हळूहळू जाते आणि काठावर असताना कळतही नाही. म्हणून सराटा पसरलेल्या जागेवरून ट्यूब कधीही लोळवत किंवा ओढत नेऊ नका, खांद्यावर न्या. पाण्यात उतरण्याआधी ओल्या हाताने पूर्ण गोल चाचपा आणि काठालगतच्या उथळ पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते बघा. या कामाला दोनच मिनिटं लागतात.

दुसरं : हत्ती चराटे (मोठं गोखरू)

शास्त्रीय नाव पेडॅलियम म्युरेक्स. हे तिळाच्याच कुळातलं. मराठीत हत्ती चराटे आणि तेलुगूत एनुगु पल्लेरू. एनुगु म्हणजे हत्ती, म्हणजे दोन्ही भाषांनी याला हत्तीचंच नाव दिलंय, कारण सराट्याच्या मानाने याचं फळ मोठं असतं.

याचं खरं घर समुद्रकाठची वाळू. कोकण, गुजरात आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावर हे उगवतं. आपल्यापैकी जे कामाला किनाऱ्यावर जातात त्यांनी ते पाहिलेलं असेल. वाळलेलं फळ औषधी मालाच्या बाजारात मात्र सगळीकडे मिळतं, त्यामुळे माहीत असलेलं बरं.

हे झाड रसरशीत आणि मांसल असतं, फूट-दीड फुटापर्यंत वाढतं. पान साधं, म्हणजे चिंचेसारखं तुकड्यातुकड्यांचं नाही, पण कडेला मोठे दाते असतात. चुरगळलं की उग्र वास येतो. फूल पिवळं, कर्ण्यासारखं, सराट्याच्या फुलापेक्षा बरंच मोठं. फळाला चार कडा असतात, ते खाली रुंद आणि टोकाकडे निमुळतं होतं, आणि रुंद भागाला चार बाजूंना चार काटे. ते फुटून तुकडे होत नाहीत.

एक खूण कोणालाही करून बघता येईल. ताजी फांदी पाण्यात घालून ढवळली की थोड्याच वेळात पाणी भेंडीच्या चिकासारखं घट्ट, बुळबुळीत होतं. रंग आणि चव फारशी बदलत नाही. पूर्वी पातळ ताक दाट दिसावं म्हणून काही विक्रेते हीच युक्ती करत, असं जुन्या वनस्पतीग्रंथांत नोंदलेलं आहे.

तिसरं : शंकेश्वर (जाळ्यातलं गोखरू)

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. शास्त्रीय नाव झँथियम स्ट्रुमारियम. मराठी पुस्तकांत शंकेश्वर, काही भागांत लांडगा, तेलुगूत मरुलमातंगी. पण आपल्या पट्ट्यात आणि पलीकडे विदर्भात बरेच लोक यालाच सरळ गोखरू म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. वरच्या दोघांशी याचं काही नातं नाही. हे सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि गाजरगवताचं जवळचं भाऊबंद.

मोठं झाड ओळखणं सोपं आहे. ते सरळ उभं वाढतं, कमरेपर्यंत आणि कधी छातीपर्यंत. खोड खरखरीत, त्यावर जांभळट ठिपके किंवा रेघा. पान रुंद, तिकोनी, लांब देठाचं, कडा दातेरी, तळाशी तीन ठळक शिरा. पानावर हात फिरवला तर पॉलिश पेपर घासल्यासारखं वाटतं. फूल म्हणावं असं काही नजरेत भरत नाही, शेंड्याला हिरवट गोळे येतात आणि त्यांच्या खाली बगलेत फळं धरतात.

फळ म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतचं लांबट बोंड. अंगभर काटे, आणि प्रत्येक काट्याचं टोक गळासारखं वाकलेलं. एका टोकाला दोन जाड चोची. हा गळ जाळ्याच्या धाग्यात, म्हशीच्या शेपटीत, मेंढीच्या लोकरीत आणि कापसात अडकतो. शिवाय बोंड हलकं असतं आणि पाण्यावर तरंगतं. म्हणून पूर आला की वरच्या गावचं गोखरू खालच्या गावच्या काठावर लागतं आणि पाणी जिथे थांबतं तिथे पट्टाच्या पट्टा उगवतो.

बोंडाच्या आत काय असतं तेही समजून घ्या. प्रत्येक बोंडात दोन बिया असतात. एक लवकर उगवते. दुसरी तशीच पडून राहते आणि नंतर, बऱ्याचदा पुढच्या वर्षी किंवा त्याहीनंतर उगवते. एका वर्षी सगळं उपटलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा दिसतं ते यामुळेच.

जीव घेतं ते रोप

शंकेश्वराचं मोठं झाड खरखरीत आणि कडवट असल्यामुळे जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. धोका आहे तो नुकत्याच उगवलेल्या दोन पानी रोपात. बियांमध्ये कार्बॉक्सी-ॲट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं. बी उगवली की ते विष पहिल्या दोन पानांत, म्हणजे बीजपत्रांत येतं. पुढे खरी पानं फुटत जातात तसं ते कमी होतं. म्हणजे झाड सर्वांत कोवळं, लुसलुशीत आणि खावंसं वाटणारं असतं, तेव्हाच ते सर्वांत विषारी असतं.

हे विष करतं काय? शरीराच्या पेशींमध्ये अन्नापासून ताकद तयार करणारी व्यवस्था असते. तयार झालेली ताकद बाहेर नेणारा दरवाजाच हे विष बंद करतं. रक्तातली साखर एकदम खाली येते आणि यकृत निकामी होतं. डुकरांवरच्या अभ्यासात शरीराच्या वजनाच्या पाऊण ते तीन टक्के इतकी कोवळी रोपं पोटात गेली तरी ती जिवावर बेतली. शंभर किलोच्या वासराला हाच हिशेब लावला तर पाऊण ते तीन किलो चारा होतो, म्हणजे हिरव्यागार काठावरची काही वेळाची चराई.

माणसांचं उदाहरणही आहे आणि ते नदीकाठचंच आहे. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाच्या ईशान्येला सिल्हेट भागात गावकरी अचानक आजारी पडू लागले. उलट्या, मग शुद्ध हरपणं. एकूण 76 जण आजारी पडले आणि त्यांतले सुमारे चौथा हिस्सा दगावले. तपास केल्यावर कळलं की पूर येऊन गेलेला, घरात धान्य-भाजीची टंचाई, आणि लोकांनी पाणी ओसरलेल्या जमिनीवर उगवलेली कोवळी रोपं भाजी म्हणून शिजवून खाल्ली होती. ती शंकेश्वराची रोपं होती. तिकडे त्याला घाघरा शाक म्हणतात. ही भाजी शिजवलेली होती, तरी जीव गेले. "उकळून पाणी फेकलं की काही होत नाही" या भरवशावर राहू नका.

आता आपल्याकडचा गोंधळ बघा. सराट्याचा कोवळा पाला काही भागांत रानभाजी म्हणून खातात. कोणीतरी सांगतं, "गोखरूची भाजी गुणकारी असते". ऐकणाऱ्याच्या गावात गोखरू म्हणजे शंकेश्वर. तो वाळूतली लुसलुशीत रोपं खुडून आणतो. दोघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नसतं, गोंधळ फक्त नावाचा असतो, पण तो जिवावर बेतू शकतो.

कोवळं रोप ओळखायच्या पाच खुणा

1. पहिली दोन पानं लांब आणि अरुंद असतात, सुरीच्या पात्यासारखी. लांबी बोटाच्या एक-दोन पेरांइतकी. जाड, मांसल, गुळगुळीत, चकचकीत हिरवी. कडा साध्या, दाते नाहीत.

2. खोडाचा जमिनीलगतचा भाग बहुधा जांभळट असतो.

3. मधून फुटणारी पहिली खरी पानं मात्र वेगळी दिसतात, रुंद, दातेरी कडांची आणि खरखरीत. खाली गुळगुळीत लांब पानं आणि वर खरखरीत रुंद पान असं एकाच रोपावर दिसलं तर शंका ठेवू नका.

4. सर्वांत पक्की खूण म्हणजे रोप हळूच मुळासकट उपटा. पुष्कळदा मुळाशी जुनं काटेरी बोंड तसंच अडकलेलं सापडतं. हे दिसलं की पुढे काही विचारायचं कारण नाही.

5. आजूबाजूला बघा. मागच्या वर्षीची वाळलेली उभी खोडं किंवा पाण्याच्या रेघेला लागलेली बोंडं असतील, तर त्या पट्ट्यातलं एकही दोन पानी रोप भाजीत घेऊ नका.

घोळीशी घोटाळा होऊ नये म्हणून लक्षात ठेवा. घोळीचं खोड लालसर, जमिनीवर लोळणारं, पानं बारीक, टोकाला गोलसर आणि एका फांदीवर पुष्कळ. वाळूत टरबूज-डांगराची वाडी करणाऱ्यांसाठी दुसरी खूण अशी की डांगराची पहिली दोन पानं रुंद, लंबगोल असतात, पात्यासारखी लांब नसतात. आणि सराट्याच्या रोपाला पहिल्या जोडीनंतर लगेच चिंचेसारखी पानं फुटतात.

घाई असेल तर नियम एकच. ज्याला फक्त दोनच पानं आहेत असं कोणतंही रोप भाजीत घ्यायचं नाही. खरी पानं आली, ओळख पटली, मगच खुडायचं.

जनावराने किंवा माणसाने खाल्लं तर

लक्षणं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दिसतात. जनावर मलूल होतं, चारा सोडतं, लडखडतं, श्वास जड होतो, मग झटके येतात. डुकरं आणि वासरं लवकर सापडतात. असं दिसलं की कळप लगेच त्या जागेवरून हलवा, आजारी जनावराला पळवू नका, आणि 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरवर फोन करा. घरगुती काढे पाजत वेळ घालवू नका.

माणसाला रानभाजी खाल्ल्यावर उलट्या, पोटदुखी, गुंगी किंवा बडबड सुरू झाली तर 108 ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. सोबत उरलेली भाजी आणि जमलं तर उपटलेलं एक रोप न्या. डॉक्टरांना "गोखरू खाल्लं" एवढंच सांगू नका, ते सराटा समजतील. झाडच दाखवा. एकाच ताटातलं बाकीच्यांनी खाल्लं असेल तर त्यांना त्रास नसला तरी त्यांनाही घेऊन जा.

रोप वाळलं म्हणून विष जात नाही आणि बोंडातल्या बियांतही ते असतंच. म्हणून काठावरचं गवत कापून वैरण करताना त्यात शंकेश्वराची रोपं आणि बोंडं येऊ देऊ नका. बियांचा काढा स्वतःच्या मनाने कोणीही करू नये.

जाळ्यातलं गोखरू कसं काढायचं?

ओढू नका. काटा गळासारखा वाकडा आहे, ओढलं की धागा तुटतो किंवा बोंडाचे काटे मोडून जाळ्यातच राहतात. जाळं सावलीत पसरून कोरडं होऊ द्या. बोंड दोन बोटांत दोन्ही टोकांकडून धरा आणि धागा ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने फिरवत सोडवा. एकेरी गुळगुळीत नायलॉनपेक्षा पिळाच्या धाग्यात ते जास्त घट्ट बसतं, तिथे घाई करू नका. आणि मुळात जाळं वाळूवर टाकण्याआधी खाली ताडपत्री अंथरा, निम्मी कटकट तिथेच वाचते.

काढलेली बोंडं पुन्हा वाळूत किंवा पाण्यात टाकू नका. ती तरंगत जाऊन दुसऱ्या काठावर उगवतील. डब्यात किंवा पोत्यात गोळा करा आणि जाळी, झोपड्या, वाळलेलं गवत यांच्यापासून लांब जाळून टाका.

उपटायचं कधी?

बोंड धरायच्या आधी. हे एका वर्षाचं झाड आहे, त्याची पुढची पिढी फक्त बीमध्ये असते. ओल्या वाळूत ते सहज उपटतं, त्यामुळे चार माणसांनी सकाळचे दोन तास दिले तर काठाचा बराच पट्टा मोकळा होतो. हातमोजे किंवा फडकं वापरा, खरखरीत पानांनी काहींच्या हाताला खाज सुटते. दुसरी बी झोपलेली असते हे लक्षात ठेवून दोन-तीन वर्षं हे काम करावं लागेल.

"रोप लहान आहे, पुढच्या महिन्यात बघू" असं मात्र म्हणू नका. शंकेश्वर वयावर नाही, रात्रीच्या लांबीवर फुलतं. 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर या अमेरिकन संशोधकांनी याच झाडावर प्रयोग करून दाखवलं की पुरेशी लांब अशी रात्र मिळाली की ते फुलायला लागतं, एक रात्रसुद्धा पुरते. पावसाळ्यात उगवलेलं झाड कमरेएवढं होऊन फुलतं. पण दिवाळीनंतर ओसरलेल्या पाण्याच्या काठावर उगवलेलं रोप टिचभर असतानाच फुलतं, कारण तेव्हा रात्री आधीच लांब झालेल्या असतात. टिचभर झाडालाही बोंड धरतं.

आणि एक कळकळीची विनंती. पाण्याकाठी तणनाशक फवारू नका. पहिल्याच सरीबरोबर ते पाण्यात उतरतं आणि ज्या मासळीवर आपलं घर चालतं तिलाच धोका होतो. या कामाला हात आणि विळा पुरेसे आहेत.

थोडक्यात, हातात फळ घेऊन बघा

पाच तुकडे होतात आणि पायात घुसतं, तो सराटा. ट्यूब सांभाळा.
चार कडा, चार काटे, फांदीने पाणी बुळबुळीत होतं, ते हत्ती चराटे. समुद्रकाठचं.
अंगभर वाकडे काटे, दोन चोची, कपड्याला चिकटतं, तो शंकेश्वर. त्याचं दोन पानी रोप ताटात नको आणि जनावराच्या तोंडातही नको.

यापुढे कोणी नुसतं "गोखरू" म्हणालं की आधी विचारा, "कोणतं? पायातलं की जाळ्यातलं?" तुमच्या काठावर दोन पानी रोपं दिसली तर मुळासकट उपटून, मुळाशी बोंड दिसेल असा फोटो कॉमेंटमध्ये टाका, आपण मिळून ओळखू. तुमच्या गावात या झाडांना वेगळं नाव असेल, मराठी, तेलुगू, गोंडी, कोणतंही, तर तेही लिहा. नावं जितकी जमतील तितकी एकाच्या ऐवजी दुसरं झाड खुडलं जायची भीती कमी होईल. पोस्ट आपापल्या गावच्या ग्रुपवर पाठवा, म्हशी राखणाऱ्या पोरांना आणि भाजी खुडणाऱ्या आयाबहिणींना आवर्जून दाखवा.